पेटीवरचं नाव

१० जानेवारी, शनिवार

यमाईची जत्रा उलगली. पाळणेवाले गेले आणि जत्रेसाठी सुट्टी काढून आलेली गावातली फौजी पोरंही एकेक करून परत गेली. आमचा शिवतेज मात्र अजून घरी आहे. सुट्टी वाढवून मिळाली म्हणाला. सहा वर्षं पलटणीत ट्रक चालवतोय, साहेबांनी ऐकलं असेल. चांगल्या ड्रायव्हरचं सगळे ऐकतात, हे मी एस.टी.त बघितलं आहे.

आज जेवताना म्हणाला, ‘आबा, बुलेटवर एक पेटी बसवून द्याल का? चार दिस फिरून यीन म्हणतो.’ मला सोन्याहून पिवळं झालं. एस.टी.च्या वर्कशॉपात जन्मभर गाड्यांच्या बॉड्या ठोकल्या आणि निवृत्त झाल्यापासून हातोडी नुसती खुंटीला लटकली आहे. बाजारात प्लॅस्टिकचे डबे मिळतात, पण त्यांना मी पेटी म्हणत नाही. त्यात फार तर चिवडा ठेवावा.

फिरायला कुठे, ते विचारलं. ‘खाली, सांगलीकडं,’ एवढंच म्हणाला. राणी भाकरी अर्धी टाकून उठली. नवऱ्याबरोबर जायला मिळणार म्हणून लाजली असेल. लग्नाला दोन वर्षं झाली, या पठ्ठ्याने बायकोला अजून महाबळेश्वरसुद्धा दाखवलेलं नाही. त्याची आई असती तर तिने दोघांना कधीच हाकललं असतं.

१२ जानेवारी, सोमवार

वडूजच्या भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. जाड, एकही खड्डा नसलेला. असा पत्रा आता नवीन गाड्यांना लावत नाहीत.

केरबा म्हणाला होता, माझा टेंपो घेऊन जावा. केरबा गावचा पोलीस पाटील, माझा शाळेपासूनचा दोस्त. पण शिवतेज टेंपो चालवायला तयार नाही. मनगट दुखतंय म्हणाला. मग दोघं बुलेटवरच गेलो आणि येताना पत्र्याची गुंडाळी मी मांडीवर धरून बसलो. गाडी इतकी सावकाश चालवत होता की उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. मी म्हणालो, फौजेत असंच चालवतोस का रं, लढाई संपल्यावर पोचत असशील. तो हसला नाही. हल्ली त्याला थट्टा सोसत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीच्या दिवशी कामाला सुट्टी दिली आणि आज पेटी उभी केली. खाली लोखंडी अँगलची चौकट, वर पत्रा, कोपऱ्यांना दुहेरी रिबिटा. झाकणाला आतून रबराची पट्टी, म्हणजे धूळ आत जायची नाही. बघणाऱ्याने पाणी भरून बघावं, असं काम झालं आहे.

बसवताना मात्र घोळ झाला. मी पेटी सीटच्या मागे, कॅरियरवर बसवली. सीट मोकळी राहिली की राणी बसेल हा हिशेब. पण आत चार विटा टाकून गाडी फिरवली तर सगळं वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं, पुढचं चाक हलकं झालं आणि हँडल डुगडुगायला लागलं. शिवतेज लगेच गाडी बंद करून उतरला. पेटी पुढं घ्या म्हणाला, सीटवरच घ्या.

‘मग राणी कुठं बसंल?’ मी विचारलं.

तो खाली बघून बोल्ट सोडवत राहिला. राणी दारातून म्हणाली, ‘मी न्हाई जायाची मामंजी. घरी म्हस गाभण हाय.’ म्हैस व्यायला अजून दोन महिने आहेत, आणि मी काय म्हशीला अनोळखी आहे? मला राग आला. तरणाताठा गडी, बायकोची जागा काढून तिथे पेटी बसवतो. पण मशीन मशीनच्या नियमाने चालतं, माझ्या रागाने नाही. पेटी पुढे घेतली. गाडी सरळ चालली.

१८ जानेवारी, रविवार

पेटी वाजते. मोकळी असली की खडखडते आणि भरली तरी बारीक वाजतेच. अशा रस्त्याला थोडं वाजणारच, एस.टी.त बसलेल्या माणसाला तर त्याशिवाय झोप लागत नाही. पण शिवतेजला ते चालत नाही. चौथ्यांदा पेटी उतरवली. इंजिन चालू ठेवून तो झाकणावर हात पसरून बसतो, आजारी जनावराच्या पोटावर ठेवावा तसा.

दुपारी मी म्हणालो, एवढं काय त्या आवाजाचं? तर सांगायला लागला. आपणहून एवढं तो या सुट्टीत पहिल्यांदाच बोलला.

‘आबा, गेल्या पावसाळ्यात पुढची गाडी साईराजची हुती. रस्ता खचला आन् ती खाली गेली. मागं आमच्या समद्यांच्या पेट्या भरलेल्या. त्या खाली जाताना लय येळ आवाज येत हुता. माणसाचा न्हाई आला. नुसता पेट्यांचा.’

साईराज म्हणजे कवठे महांकाळचा पोरगा, याच्याबरोबरच भरती झालेला. एकदा आमच्याकडे जेवून गेला होता. तो गेल्याचं शिवतेजने तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. वाईट झालं, पण फौजेत जीव हातावर घेऊनच जावं लागतं. पुढे शिवतेज म्हणाला, दुसऱ्या दिवशी दोर लावून त्यालाच दरीत उतरवलं, आणि पेट्यांवरची नावं वाचून कुणाची कुठली ते त्याने वेगळं लावलं.

मी विचारलं, पेट्या फुटल्या का? न्हाई म्हणाला. मी म्हणालो, मग पत्रा चांगला असणार. त्याने माझ्याकडे बघितलं. मग पाना उचलून पुन्हा बोल्ट आवळायला लागला. जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून प्रत्येक बोल्टखाली घालायच्या ठरवल्या आहेत.

२१ जानेवारी, बुधवार

आवाज गेला! रबराच्या चकत्या, झाकणाला दोन कड्या आणि तळाला गोणपाट. औंधपर्यंत जाऊन आलो. तळ्याच्या वळणावर गाडी थांबवून शिवतेज म्हणाला, ‘आबा, कायच वाजलं न्हाई.’ त्याचे डोळे भरले होते. एका पेटीपायी एवढं? पण मलाही बरं वाटलं. पोरगं आपल्या हाताच्या कामावर खूश झालं, असं त्याच्या लहानपणानंतर आजच घडलं.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदन. सरपंचांनी शिवतेजला मुद्दाम बोलावणं धाडलं होतं, झेंडा त्याच्या हस्ते लावायचा. अंग मोडून आलंय म्हणून तो उठलाच नाही. मी जाऊन उभा राहिलो. माझी छाती भरतीत दोनदा कमी पडली होती. आज लोक ‘फौजीचे वडील’ म्हणून खुर्ची देत होते तेव्हा ती चार बोटं वाढली, खोटं कशाला लिहू?

परत येताना केरबा बरोबर होता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, ‘आकाराम, शिवतेजचा सुट्टीचा कागद तू बघितलाय का रं?’ मी म्हणालो, मी काय त्याचा साहेब आहे? तो म्हणाला, ठाण्यातून विचारणा आली आहे. मी म्हणालो, येऊ दे, सरकारी कागद कधी वेळेवर पोचतो का? सुट्टी वाढल्याचं पत्र अजून बैलगाडीत असेल.

केरबाच्या पोराला भरतीत घेतलं नव्हतं. तेव्हापासून शिवतेजचं कौतुक निघालं की त्याच्या पोटात दुखतं. दोस्त झाला म्हणून माणसाचा स्वभाव जात नाही.

२८ जानेवारी, बुधवार

शिवतेज आज गाडीचं टायर बदलायला वडूजला जाणार होता. कालच मी पेटी उतरवून ठेवायला लावली. मनात बेत होता.

माझ्या वडिलांची पलटणीतली काळी ट्रंक आमच्या माळ्यावर होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, गाव, तालुका. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं शिकलो ती त्या ट्रंकेवर. आमच्याकडे फौजीची पेटी बिननावाची नसते. बिननावाची पेटी ही बेवारशाची. शिवतेज सुरुवातीलाच म्हणाला होता, ‘नाव नगं हं आबा.’ पोरं संकोचाने म्हणतात तसं. लग्नात ‘आहेर नको’ म्हणतात, म्हणून कोणी रिकाम्या हाताने जातं का?

त्याच्या पलंगाखालच्या ट्रंकेवरून नंबर बघून घेतला. पेटीला काळा रंग आधीच दिला होता. मागच्या बाजूला, येणाऱ्या गाडीला दिसेल असं, खडूने रेघा मारून पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं. श्वास धरून लिहिलं. एकही अक्षर रेघेखाली गेलं नाही.

राणी रानातून आली आणि वैरणीचा भारा डोक्यावर तसाच ठेवून उभी राहिली. म्हणाली, ‘मामंजी, पुसा ह्ये. वाळायच्या आत पुसा.’

का, म्हटलं, तरी तेच. नुसतं पुसा, पुसा. मी म्हणालो, पोरी, तुझं नाव घातलं नाही म्हणून का? तर भारा टाकून आत गेली. बायकोची जागा पेटीने घेतली, त्याचा राग माझ्या अक्षरांवर.

शिवतेज संध्याकाळी आला. पेटीसमोर उकिडवा बसला. रंग ओला होता, घरात टर्पेंटाइन होतं, नको असतं तर एका फडक्याचं काम. मी लांबून बघत होतो. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘अक्षर झ्याक आलंय आबा.’ मला आणखी काय पाहिजे?

२९ जानेवारी, गुरुवार

राग लिहून काढतो, म्हणजे झोप लागेल. शिवतेजने पेटी गाडीवर चढवली आणि वरून निळी ताडपत्री घालून दोरीने बांधली. अक्षरं सगळी झाकली. मी विचारलं तर म्हणाला, धूळ लय असती वाटंला. धूळ लागून जाईल असला रंग मी वापरत नाही.

त्यात दुपारी केरबा आला. सोप्यात बसला, पाणी घेतलं नाही. म्हणाला, ‘पोराला म्हणावं, आपणहून परत जा. आपणहून गेला तर निभावंल. आणून हजर केला तर लय वंगाळ.’ मी त्याला घराबाहेर काढलं. आमच्या घराण्यात पळपुटा कोणी झाला नाही आणि होणार नाही, हे त्याला रस्त्यावर लोक ऐकतील असं सांगितलं. शिवतेज गोठ्यात होता, त्याने ऐकलं असणार. बरंच झालं, बाप आपल्या बाजूने उभा आहे हे पोराला कळलं.

रात्री त्याला विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारणं म्हणजे केरबावर विश्वास ठेवण्यासारखं झालं असतं. नाही विचारलं.

३० जानेवारी, शुक्रवार

पहाटे गेला. राणी बाहेर आली नाही. मी गाडी धरली. तो हेल्मेट घालून पुढे बघत बसला होता, हातमोजे चढवत होता. मी मागे होतो. ताडपत्रीची दोरी सुटी दिसली. म्हणजे, सुटी नव्हती, मी सोडली. ताडपत्रीची घडी करून हळूच पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. नाव झाकून घरातून का जायचं? चांगलं काम दिसू दे की लोकांना, असं मनात आलं, दुसरं काही नाही.

पाया पडायला उतरतो म्हणाला, मी म्हणालो, गाडीवर बसलेला माणूस उतरत नसतो. आता वाटतं, उतरला असता तर मागे बघितलं असतं. पण मला ते तेव्हा सुचलं नव्हतं.

वळणापर्यंत दिसत होता. पांढरी अक्षरं गाडीपेक्षा जास्त वेळ दिसली. आवाज काही नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी फोन आला. कवठे महांकाळच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ, इलेक्शनची नाकाबंदी आहे. तिथला हवालदार बोलत होता. स्वतः माजी सैनिक आहे म्हणाला. शिवतेज दोन दिवस साईराजच्या गावाजवळ कुठेतरी राहिला होता म्हणे, त्यांच्या घरी मात्र गेला नाही. आज सकाळी नाक्यावर आला. हवालदाराने पेटीवरचं नाव वाचलं, नंबर वाचला, आपला माणूस दिसला म्हणून कौतुकाने थांबवून चहा दिला. कुठली पलटण, सुट्टी किती, असं सहज विचारलं. शिवतेज चहाचा कप हातात धरून रडायला लागला.

हवालदार फोनवर वाईट बोलला नाही. ‘तुमी या काका,’ एवढंच म्हणाला. सुट्टी संपून तीन आठवडे उलटून गेले आहेत.

मी राणीला सांगितलं. तिने विचारलं, ‘ताडपत्री हुती ना?’ मी सांगितलं, मी काढली. तिने माझ्याकडे बघितलं. मग सगळं सांगितलं. सीमेपलीकडे बिराप्पा म्हणून त्याच्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, त्याच्याकडे कामाला राहायचं, जम बसला की हिला बोलावायचं. म्हणाली, ‘त्यांना ट्रकात बसवत न्हाई मामंजी. झोपंत पेट्या मोजत असतात.’ मी म्हणालो, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, ‘तुमाला सांगायचं म्हंजे कुणाला सांगायचं?’

हे वाक्य मी दिवसभर चघळतो आहे. सुनेने सासऱ्याला असं बोलावं का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल जाऊन आलो. वडूज, विटा, तासगाव करत एस.टी.ने दुपारी पोचलो. वाटेत केरबाची आठवण सारखी येत होती. आज सकाळी त्याच्या घरी गेलो, तो रानात होता. उद्या जाईन.

ठाण्यात शिवतेज बाकड्यावर बसला होता. पट्टा काढून घेतलेला, पायांत चप्पल. आधी मला लाज वाटली, हे लिहितोच. चार लोकांत मान खाली गेली असं वाटलं. मग त्याचा चेहरा बघितला. गालफडं बसलेली, डोळे लाल. तीन आठवडे हा पोरगा माझ्यासमोर बोल्ट आवळत बसला होता आणि मी त्याचा चेहरा बघितलाच नव्हता. मी पेटी बघत होतो.

हवालदार चांगला माणूस. मला खुर्ची दिली. बाहेर उभ्या बुलेटकडे बोट करून म्हणाला, ‘काका, पेटीचं काम एक नंबर. अक्षरं कुणी काढली?’

‘मी,’ म्हणालो. आणि बोलताना हसलो. शिवतेज समोर बसला होता. ते हसू माझ्या तोंडावर आलं कसं, देवाला ठाऊक. आत्ता लिहितानासुद्धा तोंड झोडून घ्यावंसं वाटतं.

हवालदार आम्हाला सोडून बाहेर गेला. मी शिवतेजला म्हणालो, आपणहून गेला असतास तर बरं झालं असतं. तो म्हणाला, व्हय. मी म्हणालो, मला सांगायचं होतंस. तो म्हणाला, ‘सांगितलं हुतं की. पेट्यांचं.’

 पलटणीची माणसं संध्याकाळपर्यंत येणार होती. पुढे काय होईल ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मग तोच म्हणाला, ‘आबा, ताडपत्री तुमी काढली?’

‘व्हय.’

‘मुद्दाम?’

‘न्हाई रं. आईची शपथ न्हाई. कुणी नाव बघावं, एवढंच मनात हुतं.’

त्याने मान हलवली. म्हणाला, ‘मुद्दाम काढली असती तर बरं झालं असतं. कुणाला तरी कळलंय, असं तरी वाटलं असतं.’

मला याचा अर्थ नीट लागला नाही. बापाने मुद्दाम पकडून दिलं असतं, ते कसं बरं झालं असतं? मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात त्याने धरून ठेवला, हवालदार आत येईपर्यंत.

बुलेट मीच चालवत आणली. बुलेटची सवय नाही, रात्र झाली.

राणी जागी होती. तिने भाकरी वाढली आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं. ताडपत्रीचंही सांगितलं, तो काय म्हणाला तेही. ती रडली नाही. मी म्हणालो, पोरी, माझं चुकलं, पण त्या दिवशी रंग ओला होता, टर्पेंटाइन घरात होतं, त्याने स्वतः का नाही पुसलं? एक फडकं फिरवलं असतं तर आज तो पलीकडे असता.

ती म्हणाली, ‘तुमी निजल्यावर फडकं मी भिजवून दिलं हुतं त्यांच्या हातात. म्हणले, राहू दे. आबांनी मला लिहिल्यालं दुसरं काय हाय माझ्यापाशी?’

भाकरी तशीच राहिली. तिने ताट उचलून नेलं.